पाऱ्याचा दिवा

दारावर पहिली लाथ बसली तेव्हा माझा डोळा भिंगाला लावलेला होता.

"मॅडम, कोणतरी दार वाजवतंय," तनुजा म्हणाली.

"वाजवू दे. आत यायचं नाही म्हणून बाहेर पाटी लावलीय. वाचता येत नसेल तर शाळेत जा म्हणावं."

दुसरी लाथ बसली आणि कडी खिळ्यांसकट हलली. मग बाहेरून आवाज आला, "तने! भाईर यी! कुणाबरं बसलीस आत अंधार करून?"

"दादा," एवढंच तनुजाच्या तोंडून निघालं. खोलीत मिट्ट काळोख होता. तिचा चेहरा मला दिसला नाही, पण तिनं माझा दंड धरला आणि तिची नखं मला रुतली.

मी तेव्हा धामणखेडच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होते. कोथमिरे मॅडम. आम्ही खाटीक. वडील बाजारात बोकड कापायचे, आणि मुलं माझ्या पाठीमागं मला 'सुरी' म्हणायची. मला ते नाव आवडायचं, त्यांना वाटायचं मला माहीत नाही. माझ्यासमोर टेबलावर होता तो फ्लुरोसन्स मायक्रोस्कोप. साध्या सूक्ष्मदर्शकात आपण पेशीवर उजेड पाडतो आणि ती बघतो. ह्यात पेशीला आधी एक रंग पाजायचा, मग पाऱ्याच्या दिव्याचा निळा झोत सोडायचा, की पेशी स्वतःच पेटल्यासारखी हिरवी दिसते. त्यासाठी खोली मात्र काळीकुट्ट लागते. मोठ्या विद्यापीठांतही असलं यंत्र पोरांना लांबूनच दाखवतात. ते पदवीच्या पोरांच्या हातात द्या, म्हणून मी दिल्लीला अर्जांवर अर्ज करत होते. शेवटी एका योजनेतून यंत्र आमच्याकडं आलं, पण उसनं. अट एकच, मुलांनी स्वतः काम करून दाखवायचं. ते बघायला त्याच दुपारी पुण्याहून डॉ. खासनीस यायचे होते. त्यांना पटलं तर यंत्र कायमचं आमचं, नाही तर पेटीत घालून परत.

मुलं दोनच निवडली होती. तनुजा खिलारे आणि सोमनाथ वायदंडे. नदीतल्या माशांचं रक्त काचेवर घ्यायचं, रंगवायचं आणि घाण पाण्यानं पेशी मोडतात का ते बघायचं, असं त्यांचं काम. अडगळीची खोली आम्ही अंधारखोली केली. खिडकीला मी घरची काळी घोंगडी ठोकली. धूळ नको म्हणून चपला बाहेर काढायचा दंडकही माझाच. माझ्या चपला शेजारच्या माझ्या खोलीत असायच्या. आता बाहेरून येणाऱ्याला काय दिसणार? बंद दार, घोंगडी ठोकलेली खिडकी, आणि उंबऱ्याशी एक पोरीची चप्पल, एक पोराची. रणजित बहिणीचा विसरलेला डबा द्यायला आला होता. त्यानं तिची चप्पल ओळखली. डबा तिथंच टाकला, माघारी जाऊन आपल्या जेसीबीतला लोखंडी पाइप घेतला आणि दोन जोडीदार घेऊन आला.

"मी आहे आत, कोथमिरे!" मी ओरडले. "थांब, उघडते."

थांबतोय कशाला! तिसऱ्या लाथेला कडी निघाली, दार भिंतीवर आपटलं आणि उजेडाचा लोंढा आत आला. रणजित आत घुसला तो थेट टेबलाच्या वायरीत पाय अडकवून. प्लग निघाला, दिवा विझला, आणि वायरीबरोबर यंत्र टेबलाच्या कडेपर्यंत ओढलं गेलं. ते खालीच जायचं. पण सोमनाथनं झेप घेऊन दोन्ही हातांनी त्याला कवटाळलं.

त्याचे दोन्ही हात यंत्रात गुंतले होते. रणजितला तेवढंच दिसलं, की हाच तो पोरगा आणि हा हात उचलत नाही.

"वायदंड्याचं पोर! तुझी ही हिंमत?"

पहिला पाइप त्याच्या पाठीत बसला. दुसरा कोपराखाली. हाड मोडल्याचा आवाज मी लहानपणापासून ऐकलेला आहे, मला तो ओळखायला वेळ लागत नाही. सोमनाथ किंचाळला, पण त्यानं यंत्र सोडलं नाही. तिसरा फटका त्याच्या डोक्यावर बसायचा तो चुकला आणि यंत्राच्या मागच्या दिव्याच्या घरावर बसला. त्याचं झाकण फाटलं.

मी रणजितच्या अंगावर गेले. बोकड आडवं पाडताना मागचा पाय आणि पलीकडचा कान धरतात. कान माझ्या हाती लागला, पाय काही लागला नाही, म्हणून मी गुडघा घातला. तो कळवळून वाकला. त्यानं कोपर फिरवलं ते माझ्या भुवईवर बसलं आणि माझा डावा डोळा रक्तानं भरला. त्याचा एक जोडीदार दारातून आत आला. त्याला मी बघितलंही नव्हतं, तनुजानं बघितलं. तिनं लोखंडी स्टूल उचललं आणि त्याच्या नडगीवर असं हाणलं, की तो आई गं करत व्हरांड्यात बसला. दुसरा त्याला उचलायचं निमित्त करून बाहेरच राहिला.

"तने, तू गड्यांना मारतीस?" रणजित खालून ओरडला. मी त्याच्या मानेवर गुडघा ठेवला होता आणि पाइप आता माझ्या हातात होता.

"तुलाबी मारीन," ती म्हणाली. स्टूल अजून तिच्या हातात होतं.

मी वाकून त्याला म्हणाले, "मेल्या, मी आत आहे हे ओरडून सांगितलं ना? ऐकू येत नाही तुला?"

"तुमी काय, तुमी तर दार राखताय त्यांचं! काय करत हुता अंधारात? अं? गावाला सांगा की!"

गाव जमलंच होतं. व्हरांड्यात मुलं, शिपाई, समोरच्या टपरीवरची माणसं, सगळे मान वर करून बघत होते. मला संताप आवरेना. मी त्याला मानगुटीला धरून उठवलं, यंत्राशी नेलं आणि त्याचं तोंड भिंगावर दाबलं.

"बघ! हे करत होतो! बघ नीट!"

तो म्हणाला, "काय न्हाई हितं. अंधारच हाय."

दिवा विझला होता. रागाच्या भरात ते माझ्या ध्यानातच आलं नाही. व्हरांड्यात कोणीतरी फिदीफिदी हसलं.

"प्लग लावा की मग," रणजित म्हणाला. त्याच्या नाकातून रक्त ओघळत होतं, पण आवाजात आता जोर आला होता. "दावा मला. हितं, ह्या सगळ्यांम्होरं बोलतो. काय दिसतंय ते दावलं, तर हिला कॉलेजातनं न्हेत न्हाई. न्हाई दावलं, तर आत्ताच्या आत्ता घिऊन जातो आन् परत हिचा पाय हितं पडत न्हाई. आप्पांनी तर पयल्यापासनं सांगितलंय, पोरगीला घरी बशीव म्हणून."

आप्पा म्हणजे त्यांचे चुलते, आमच्या संस्थेचे संचालक. तनुजाचे वडील नव्हते, घर आप्पांच्या शब्दावर चालायचं. रणजित जे बोलला ते होणार होतं. तनुजानं स्टूल खाली ठेवलं आणि माझ्याकडं बघितलं.

"दाखवते," मी म्हणाले, "पण अर्धा तास थांबावं लागेल."

"का? तवर काय रचायचंय?"

"हा पाऱ्याचा दिवा आहे. तापलेला असताना विझला तर गार होईपर्यंत परत लावता येत नाही. आतला पारा वाफ होऊन दाबात असतो. लावला तर बॉम्बसारखा फुटतो. आणि तुझ्या पाइपनं त्याचं झाकणही फाटलंय. ते मी आधी पत्रा लावून बांधते."

"झकास सांगताय."

"तुला बसायचं तर बस, नाही तर जा. तुझी बहीण मात्र अर्धा तास हलणार नाही."

तो भिंतीला टेकून खाली बसला. आणि आम्ही ती वाट बघायला सुरुवात केली. सोमनाथचा हात कोपराखाली वाकडा लोंबत होता. मी लाकडी पट्टी लावून तनुजाच्या ओढणीनं तो बांधला. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"शिपायाच्या गाडीवर बस आणि दवाखान्यात जा," मी म्हणाले.

"न्हाई जात, मॅडम."

"हाड मोडलंय, गाढवा!"

"मोडू द्या. मी गेलो तर म्हणतील, पळाला. काय तरी केलं असंल म्हणूनच पळाला." त्यानं रणजितकडं बघितलं नाही. "दिवा लागंस्तवर बसतो."

मला त्याचा राग आला आणि त्याचं बरोबर होतं ह्याचाही राग आला. मी खाली वाकून एक जुना पत्रा शोधायला लागले. व्हरांड्यातली गर्दी वाढत होती. कोणी म्हणत होतं आत पोरं सापडली, कोणी म्हणत होतं मॅडमनी पोरगीच्या भावाला कापला. माझ्या साडीवर रक्त होतंच, त्यामुळे ते लोकांना पटतही होतं.

इतक्यात प्राचार्य डांगे आले. राज्यशास्त्राचे. माणूस वाईट नव्हता, पण मोठ्या माणसाचा पुतण्या दिसला की त्यांच्या पाठीचा कणा आपोआप वाकायचा.

"अहो रणजितराव, तुम्ही खाली काय बसलात? खुर्ची आणा रे! कोथमिरे मॅडम, हा काय तमाशा? तासाभरात पुण्याचे पाहुणे येतायत."

"तमाशा मी केला नाही, सर. ह्यानं पोराचा हात मोडलाय. पाहुणे आले की मी पोलिसांत जाणार आहे."

"पोलिस कशाला, पोलिस कशाला? घरातलं प्रकरण आहे. ह्यांना काय बघायचंय ते दाखवा आणि मिटवा."

"दाखवणारच आहे. दिवा गार होतोय."

"म्हणजे?"

मी परत सगळं सांगितलं. त्यांनी मान डोलवली. वर्गात पुढच्या बाकावरचा मुलगा काही न कळता डोलवतो तशी.

"माझ्या घरची ट्यूबलाइट पण फडफडते, मग लागते," ते म्हणाले.

"सर, ह्याला हात लावू नका. मी पाया पडून सांगते."

असं मी कुणालाच कधी म्हणाले नव्हते. त्या दिवशी म्हणाले. तेवढ्यात बाहेर आरडाओरडा झाला. रणजितच्या जोडीदारांनी सोमनाथच्या दोन मित्रांना जिन्यात धरलं होतं. मी पाइप घेऊन बाहेर धावले. जिन्यात चांगलीच जुंपली होती. एकाचा शर्ट फाटला होता, एकाचं डोकं कठड्यावर आपटत होते. मी पाइप कठड्यावर असा हाणला की झिणझिण्या माझ्या खांद्यापर्यंत आल्या.

"सोडा त्याला! पुढचा तुमच्या टाळक्यात घालीन!"

त्यांनी सोडलं. पाइपपेक्षा माझ्या रक्तानं भरलेल्या डोळ्याला ते जास्त घाबरले असावेत. मी वळले आणि तेव्हाच खोलीतून तनुजाची किंकाळी आली.

"सर, नको!"

आणि मग तो आवाज. फटाका पत्र्याच्या डब्यात फोडला तर येतो तसा, बोदा आणि जोरदार. मी दारात पोचले तेव्हा रणजित भिंगापासून मागं फेकला जाऊन कपाळ धरून बसला होता, बोटांमधून रक्त येत होतं. सोमनाथ त्याच्या बाजूला जमिनीवर पडला होता. दिव्याच्या फाटलेल्या घरातून धूर निघत होता आणि काचेचा चुरा टेबलभर पसरला होता. डांग्यांचा हात अजून खटक्याजवळ होता. त्यांच्या तळव्यातून एक काच आरपार गेली होती आणि ते तिच्याकडं दुसऱ्या कोणाचा तरी हात असल्यासारखं बघत होते.

"बाहेर! सगळे बाहेर! पाऱ्याची वाफ आहे, श्वास घेऊ नका!"

मी एकेकाला ओढून व्हरांड्यात ढकललं. गर्दी मागं सरली, मग पळालीच. रणजितचे जोडीदार सगळ्यात पुढं होते. दार लावून मी भिंतीला टेकले आणि मला रडू कोसळलं. मार खाताना आलं नव्हतं, ते आता आलं. दिवा गेला होता. आता अर्धा तास नाही, महिनाभर थांबलं तरी दाखवायला काही नव्हतं. तनुजा माझ्यासमोर उभी होती. तिला हे माझ्या आधी कळलं होतं.

"काय झालं इथं?"

जिन्याच्या तोंडाशी एक उंच, पिकल्या केसांचे गृहस्थ खांद्याला झोळी लावून उभे होते. डॉ. खासनीस वेळेआधी आले होते.

त्यांनी माझी भुवई बघितली, सोमनाथचा ओढणीत बांधलेला हात बघितला, डांग्यांचा तळवा बघितला. मग नाक वर करून वास घेतला.

"दिवा फुटला. गरम असताना कोणी लावला?"

"ह्यानं!" डांगे म्हणाले. त्यांचा काच घुसलेला हात सोमनाथकडं वळला. "ह्या पोरानं. मी नको नको म्हणत होतो. शिस्त नाही हो ह्या मुलांना. मी तर म्हणतो साहेब, यंत्र आमच्या शहरातल्या शाखेत न्या. इथं सांभाळणार कोण?"

मी तोंड उघडलं आणि माझ्या ध्यानात आलं, मी खोलीत नव्हते. मी बघितलेलं नव्हतं. तनुजानं बघितलं होतं, पण तिचा शब्द कोण धरणार? सोमनाथ भिंतीला डोकं टेकून डोळे मिटून बसला होता. त्याला ह्यात नवीन काही वाटलं नसावं.

"सर, लबाड बोलू नगा."

बोलला तो रणजित होता. कपाळावरचं रक्त त्यानं बाहीनं पुसलं.

"प्लग लावून बटण तुमी दाबलं. मला म्हणला, बसा रणजितराव, मी दावतो, ती बाई उगं भाव खातीया. मी डोळं लावून बसलो हुतो. हे पोरगं मोडल्या हातानं मला ढकलाया आलं म्हणून माझं डोळं ऱ्हायलं. न्हाई तर ही काच कपाळात न्हाई, डोळ्यात गेली असती."

"रणजितराव, तुमचा गैरसमज—"

"मी हात मोडलाय त्याचा. मी न्हाई म्हणत न्हाई. पर बटण तुमी दाबलंय."

डांगे जिन्याच्या पायरीवर बसले. डॉ. खासनीसांनी झोळी खाली ठेवली आणि नाकावर रुमाल धरून आत गेले. बाहेर आले तेव्हा म्हणाले, "भिंगं शाबूत आहेत. कोणीतरी फार घट्ट धरलेलं दिसतंय. दिवा नवा येईल. यंत्र इथंच राहील, पण मॅडम, तुमच्या ताब्यात. दुसऱ्या कोणाच्या नाही."

मग ते सोमनाथशेजारी उकिडवे बसले. "काम काय करत होतास रे?"

"माशाचं रक्त बघत हुतो," सोमनाथ डोळे न उघडता म्हणाला. "दोघंबी."

मी रणजितची मानगूट परत धरली. "चल. आधी सरकारी दवाखाना, मग चौकी."

"सोडा, येतो की. पळून जानाऱ्यातला न्हवं मी." मग त्यानं मान वळवून उरलेल्या माणसांना ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हटलं, "पर माझं बघायचं ऱ्हायलंय. बघितल्याबिगर हिचं काय करायचं ते ठरायचं न्हाई. नवा दिवा येऊ द्या, मग बघू. तवर हिला कुनी हलवायची न्हाई."

नवा दिवा महिन्याच्या आत आला. मी तो बसवला, तनुजानं काच ठेवली, आणि सोमनाथ प्लास्टर घातलेला हात छातीशी धरून आधी बघायला बसला. रणजितला मी बोलावलं नाही; त्यानं बघून 'काय न्हाई हितं' म्हटलं असतं तर तनुजा गेली असती, आणि त्याचं बघायचं राहिलं होतं तोवर तिला कोणी हलवणार नव्हतं.

रणजितवर खटला झाला. सोमनाथनं तक्रार मागं घेतली नाही. मी त्याला मागं घ्यायला सांगितलंही नाही. त्याचा हात कोपरात पुन्हा सरळ झाला नाही. आमच्याकडचे खटले कसे चालतात ते सांगायला नको. तारखेवर तारीख. दर तारखेला रणजित आप्पांबरोबर कोर्टाच्या आवारात उभा असायचा, आणि मी साक्षीला गेले की मोठ्यानं विचारायचा, "मॅडम, दिवा आला का वो?"

मी दर वेळी सांगायची, "नाही रे. दिल्लीहून यायचाय."

आप्पा तोंडातल्या तोंडात पुटपुटायचे. पण गावासमोर बोललेला शब्द होता, तो मोडायची त्यांची तयारी नव्हती. तनुजा घरूनच यायची, जायची. ती दुसऱ्या वर्षातून तिसऱ्यात गेली, पदवी झाली, पुण्याच्या विद्यापीठात तिला प्रवेश मिळाला आणि ती वसतिगृहात राहायला गेली. त्यानंतरच्या तारखेला निकाल होता. रणजितला दीड वर्षाची शिक्षा लागली. पोलिस त्याला गाडीकडं न्यायला लागले तेव्हा मी पुढं झाले. आता खोटं बोलायचं कारण उरलं नव्हतं.

"रणजित," मी म्हणाले, "दिवा आलाय."

आप्पा लांब उभे होते. त्यांना ऐकू जाणार नाही, एवढ्या हळू तो म्हणाला, "मला ठावं हाय. आला त्याच आठवड्यात शिपाई बोलला हुता."

"मग दर वेळी विचारत काय होतास?"

"मी इचारायचं बंद केलं असतं, तर आप्पांनी तिला घरी बसवलं नसतं?"

पोलिसानं त्याला गाडीत बसवलं. सोमनाथ माझ्या शेजारी उभा होता. त्यानं हे ऐकलं होतं. गाडी गेल्यावर त्यानं वाकड्या हातानं माझी पिशवी घेतली आणि आम्ही स्टँडकडं चालायला लागलो.